वही, डंक आणि पुडी: सांगलीच्या बाजारातल्या एका चटणीचं प्रकरण

सांगली-साताऱ्याकडं जिला नुसतं चटणी म्हणतात, तिलाच पुण्या-मुंबईत कांदा-लसूण मसाला म्हणतात. ‘यंदा चटणी झाली का?’ असं आमच्याकडं एका बाईनं दुसरीला विचारलं, तर ती वर्षभराच्या तिखटाची चौकशी असते. ताटात डावीकडं वाढायच्या चटणीशी तिचा काही संबंध नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या प्रकरणात ह्या एका शब्दानं बरेच पैसे खाल्ले.

प्रकरण एका आक्कांचं आहे. मी सांगलीच्या विश्रामबागेत छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहितो. आक्का आणि त्यांची सून २०२२ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. नावं देत नाही, ब्रँडचंही नाही, आणि त्यांच्याच सांगण्यावरून आकडे गोल केलेत.

पाल

आक्का बारा-तेरा वर्षं शनिवारच्या बाजारात पाल टाकून बसत होत्या. पत्र्याचे दोन डबे. एकात तिखट चटणी, दुसऱ्यात ‘पोरांची’, म्हणजे कमी तिखट. शेजारी फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी आणि तेलाची बाटली. गिऱ्हाईक थबकलं की भाकरीचा तुकडा मोडायचा, त्यावर चिमूटभर चटणी, दोन थेंब तेल, आणि तळहातावर ठेवायचा. “खाऊन बघा, मग भाव इचारा.” जाहिरात काय ती एवढीच.

चटणीचं गणित मिरचीपासून सुरू होतं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली. सुरकुतलेली, गडद लाल आणि दिसते तेवढी तिखट नसलेली. २०११ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. एक किलो मिरचीला साधारण अर्धा किलो कांदा, पाव-पाव किलो लसूण, सुकं खोबरं आणि धणे, मग तीळ, खसखस, आलं, खडं मीठ, आणि दगडफूल, नाकेशर, मसाला वेलची असा खडा मसाला. कांदा उभा चिरून उन्हात सुकवायचा आणि मग तेलात तांबूस तळायचा. सगळं डंकावर, म्हणजे मुसळ खालीवर आपटणाऱ्या यंत्रावर, कुटायचं. गिरणीतून काढली तर चटणी फार तापते आणि तिचं पीठ होतं. डंकाखाली लसणाचा आणि खोबऱ्याचा अंश मिरचीत मुरतो आणि चटणी हाताला जरा ओलसर लागते. ह्या ओलसरपणाची आठवण ठेवा, पुढं तो नडतो.

मिरचीचा हंगाम फेब्रुवारी ते मे. तेवढ्यात मिरची घ्यायची, वाळवायची, देठं खुडायची आणि वळीव जोर धरायच्या आत कुटून मोकळं व्हायचं. म्हणजे पैसा चार महिन्यांत एकदम घालायचा आणि पुढं वर्षभर शनिवार-शनिवार करत सुटा सुटा गोळा करायचा. आक्का दरवर्षी त्यासाठी दागिना गहाण ठेवायच्या आणि दिवाळीला सोडवायच्या. ह्याला त्या कर्ज म्हणायच्याच नाहीत. “पाटल्या तेवढ्या बँकेत फिरून येत्यात” म्हणायच्या.

ऑगस्ट २०१९ ला पाटल्या फिरून आल्या नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आक्कांचं घर गावभागात, तळमजल्यावर. मे महिन्यात कुटून ठेवलेले सगळे डबे पाण्याखाली गेले. झाकणं घट्ट होती म्हणून दोन डबे वाचले होते, तेही आक्कांनी ओतून दिले. पुराचं पाणी लागलेल्या डब्यातली चटणी विकायची नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. विचारायला कुणी आलं नव्हतं. तेव्हापासून माल माडीवर ठेवतात, त्यामुळं जुलै २०२१ च्या पुरात नुसती धावपळ झाली, नुकसान झालं नाही.

मार्च २०२० मध्ये बाजारच बंद झाले, तेही ऐन मिरचीच्या हंगामात. मिरची घरात येऊन पडलेली. तेव्हा सूनबाईंनी दोनशे पानी वही काढली आणि आक्कांना जेवढी गिऱ्हाइकं आठवतील तेवढी लिहून घेतली. नाव, गल्ली, फोन असेल तर फोन, आणि समोर एक खूण: तिखट की पोरांची. पहिल्या आठवड्यात साठ-सत्तर नावं झाली. थोरला मुलगा दूधगाडीबरोबर डबे पोचवायचा. बाजार पुन्हा भरेपर्यंत वहीत ३०० नावं होती. त्या वेळी ह्या वहीची किंमत कुणालाच कळली नव्हती. मलाही नाही, दोन वर्षांनी ती माझ्या टेबलावर आली तेव्हा मी उधारीची वही समजून बाजूला सारली होती.

पुण्याचा माल

त्याच सुमाराला पुण्यातल्या एका दुकानदारानं महिन्याला ४० किलो सुटा माल उचलायला सुरुवात केली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून डबे जायचे, पैसे खात्यावर यायचे. तो आपल्या पाकिटात भरून आपल्या नावानं विकायचा. ह्यात फसवणूक काही नव्हती, सगळं ठरवून होतं. आक्कांना तर बरंच वाटत होतं. उन्हात न बसता ४० किलो जातात.

मग २०२१ च्या शेवटी आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकात मिरचीवर काळे फुलकिडे आले, पीक हातचं गेलं, आणि २०२२ च्या हंगामात मिरची भडकली. आक्कांचा किलोमागचा खर्च सत्तरेक रुपयांनी वाढला. दुकानदारानं दहा रुपये वाढवून दिले आणि जूनमध्ये दुसरीकडून माल घ्यायला लागला. पाकीट तेच, नाव तेच, आतली चटणी वेगळी. गिऱ्हाइकाला पत्ताही नाही.

आक्का माझ्याकडं आल्या त्या ह्या रागात. “दोन वर्सं लोकांनी माझी चटणी खाल्ली आन् नाव घेतलं त्याचं. आता आमचा बी ब्रँड पायजे.”

मी पहिल्यांदा नको म्हणालो. रागात काढलेला ब्रँड मी ह्याआधीही पाहिलाय. आठ महिन्यांत त्याचे खोके माळ्यावर जातात. पण सूनबाईंनी एक मुद्दा काढला त्यावर मला गप्प बसावं लागलं. पालावर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कुटलेला मसाला सुटा विकायला कायद्यानं बंदी आहे. मी पाहिलं, तर खरंच आहे. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या विक्री निर्बंधांच्या नियमांत दळलेले मसाले बंद पाकिटातच विकावेत असं लिहिलंय. अख्ख्या महाराष्ट्रात आठवडी बाजारात सुटं तिखट विकलं जातं आणि बहुतेकांना हे माहीत नसतं, पण नियम नियमाच्या जागी आहे. म्हणजे पाकिटाकडं आज ना उद्या जायचंच होतं. प्रश्न एवढाच की कुठल्या वाटेनं.

नाव, लेबल आणि दहा हजार पाकिटं

कागदपत्रं भराभर झाली. अन्न सुरक्षेची मूळ नोंदणी तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. उद्यम नोंदणी फुकट. वजन-माप खात्याकडं पाकीटबंद मालाचे उत्पादक म्हणून नोंदणी. जीएसटीची गरज नव्हती, कारण माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत सूट आहे. मात्र राज्याबाहेर एक पुडी विकली तरी ती सूट जाते. आपल्याकडं ही अडचण पुस्तकी नाही. म्हैसाळ ओलांडून कागवाड लागलं की कर्नाटक. तिथल्या एका किराणावाल्याची मागणी पहिल्याच महिन्यात आली आणि ती नाकारावी लागली. आक्कांना हे आजही पटलेलं नाही. तिथली माणसं सांगलीच्या बाजारात येऊन चटणी नेतात ते चालतं, आणि आपण नेऊन दिली की कायदा मोडतो, हे कसलं?

नावावर मात्र महिना गेला. पहिली पसंती अर्थातच ‘सांगली चटणी’ अशा धाटणीची. मी अडवलं. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ प्रमाणं मालाचं नुसतं वर्णन करणारं किंवा गाव सांगणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही, आणि मिळवलं तरी उद्या शेजारच्या पालानं ‘अस्सल सांगली चटणी’ लिहिलं तर काय करणार? सांगलीची हळद आणि सांगलीचा बेदाणा यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते पिकवणाऱ्या सगळ्यांचं मिळून आहे, कुणा एकाचं नाही. दुसरी पसंती ‘आक्कांची चटणी’. शोध घेतला तर आई, आजी, काकू, मावशी, आक्का ह्या सगळ्या नात्यांवर मसालेवाल्यांनी केव्हाच हक्क सांगून ठेवलाय. शेवटी आक्कांच्या माहेरच्या एका शेताचं नाव घेतलं. आपल्याकडं रानाच्या तुकड्यांना नावं असतात तसं, तीन अक्षरी, गावाबाहेर कुणी न ऐकलेलं. वर्ग ३० मध्ये, म्हणजे मसाले ज्यात येतात त्या वर्गात, अर्ज केला. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये. नोंदणी व्हायला वेळ लागतो, आणि व्यापारचिन्हांच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने हरकतीसाठी ठेवलेले असतात. तोवर नावाशेजारी ‘टीएम’ लिहिता येतं, वर्तुळातला ‘आर’ नोंदणीनंतरच.

आणि मग ती पाकिटं. छापील पाकीट रोटो छपाईनं करायचं तर प्रत्येक रंगाला वेगळं सिलिंडर लागतं आणि छापणारा थोडक्यात काम घेत नाही. थोरल्यानं मला न विचारता १०,००० पाकिटांची ऑर्डर दिली. पाकीट दिसायला झकास: लाल रंग, आक्कांचं रेखाचित्र, मोठ्या अक्षरात ‘लाल चटणी’. सगळं मराठीत.

घोटाळे दोन. पाकिटावरचा सक्तीचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. मराठी जोडीला हवी तेवढी लिहा, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. दुसरा घोटाळा जास्त महागात पडला. कोथरूडच्या एका बाईंनी ‘लाल चटणी’ म्हणून ती पावाला लावून खाल्ली आणि पाकिटावरच्या क्रमांकावर फोन केला. सूनबाईंनी पहिल्यांदा माफी मागितली, मग समजावून सांगितलं, मग फोन ठेवून पोट धरून हसल्या. पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. सांगलीबाहेर ‘चटणी’ हा शब्द चालणार नाही हे त्या एका फोननं कळलं. सिलिंडर आणि पाकिटं मिळून ५०,००० च्या वर गेले. पुढची दीड वर्षं त्यांनी साध्या कोऱ्या पाकिटावर स्टिकर लावून माल विकला, आणि मला विचाराल तर सुरुवातीला दुसरं काही करूच नये. स्टिकर ५०० सुद्धा छापून मिळतात, आणि मिरचीचा भाव बदलला की किंमतही बदलता येते.

आक्कांची मूठ

सगळ्यात अवघड काम हे होतं. आक्का आयुष्यभर मुठीनं मीठ घालत आल्या. तागडी दाखवली की चिडायच्या. “मोजून सैपाक कराय मी काय दवाखान्यातली नर्स हाय व्हय?”

सूनबाईंनी वाद घातला नाही. मिठाचा डबा घाण्याच्या, म्हणजे एका वेळी कुटायच्या मालाच्या, आधी गुपचूप वजन करून ठेवायच्या, आक्कांचं घालून झालं की पुन्हा करायच्या. धण्याचा तसाच, तिळाचा तसाच. असे सात घाणे मोजले. निघालं असं की खडा मसाला, खोबरं, धणे ह्यात फरक जवळजवळ नव्हताच. मीठ मात्र सकाळच्या घाण्यात कमी आणि दुपारच्या घाण्यात जास्त पडत होतं. पालावर हे कधी लक्षात आलं नाही, कारण पालावर दोन घाणे एकाच डब्यात मिसळले जायचे. पाकिटात तसं होत नाही. एका घाण्याची ५० पाकिटं निघाली की त्या ५० घरांत तेच मीठ जाणार.

आकडे दाखवल्यावर आक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दुपारच्याला भूक लागलेली असती.” त्या दिवसापासून मीठ तोलून पडतं. बाकीचं अजून मुठीनंच, आणि ते तसंच राहू द्यावं असं माझं मत आहे.

पावसाळा

२०२२ च्या दिवाळीला पाकिटं बाजारात आली. सांगली-मिरजेतली अकरा दुकानं, एक वितरक. हिवाळा, उन्हाळा बरा गेला. जुलै २०२३ मध्ये तीन दुकानांतून पाकिटं परत यायला लागली. काहींत चटणीचे गोळे झालेले, काहींवर बुरशीची पांढरी झाक, आणि काही नुसतीच तेलकट होऊन स्टिकर निघालेली. एकूण दोनशेच्या घरात.

आक्कांना हा अपमान वाटला. बारा वर्षांत त्यांच्या चटणीला कधी बुरशी आली नव्हती. खरंय, पण पालावरून नेलेली चटणी घरी बरणीत जायची, बाई त्यात हिंगाचे खडे घालायची, दाबून भरायची, कोरडा चमचा वापरायची. टिकवण्याचं निम्मं काम गिऱ्हाईक करत होतं. पाकीट मात्र दुकानाच्या फळीवर दमट हवेत महिनाभर कुणाच्याही देखरेखीशिवाय पडून असतं.

कारण शोधायला पुण्याच्या एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मेचा आणि जुलैचा असे दोन नमुने पाठवले. जुलैच्या मालात पाण्याचा अंश स्पष्ट जास्त निघाला. मागणी वाढली म्हणून सूनबाईंनी जुलैत दोन घाणे जादा काढले होते. ऊन नाही, म्हणून कांदा न सुकवता तसाच तळलेला. वर घाई अशी की चटणी डंकावरून उतरली तशी गरमच भरली. आत वाफ धरली. पाकीटही साधं, बाहेरची दमट हवा रोखणारं नव्हतं.

उपाय फार शहाणपणाचे नव्हते, पण कसोशीनं पाळले. कांदा वर्षभराचा एप्रिल-मेमध्येच सुकवून ठेवायचा. जून ते सप्टेंबर एकही घाणा काढायचा नाही. कुटलेली चटणी परातीत पसरून रात्रभर गार करायची, मग भरायची. पाकीट आतून चंदेरी थराचं. मुदत १२ महिन्यांवरून ६ महिन्यांवर आणली, कारण बुरशी टळली तरी खोबरं खवट व्हायचं थांबत नाही. माल संपला तर ‘संपला’ म्हणायचं. ह्या शेवटच्या उपायावर वितरक भडकला. त्याला वर्षभर पुरवठा हवा होता.

फळीचा हिशेब

वितरक भडकला तेव्हा मी पहिल्यांदा शांतपणे कागदावर मांडलं. हे मी वर्षभर आधी करायला हवं होतं, माझी चूक.

पालावर चटणी ४८० रुपये किलो. कच्चा माल ३१०, कुटणावळ-मजुरी-वीज ५०, बाजाराची पावती आणि टेंपो धरून २०. हातात १०० रुपये, संध्याकाळी, रोख.

पाकीट २०० ग्रॅमचं, छापील किंमत १४० रुपये. म्हणजे किलोला ७००, आणि लेबलवर ग्रॅमला ७० पैसे हेही छापावं लागतं. दुकानदाराचे २८ गेले, वितरकाचे ११. उरले १०१. त्यात कच्चा माल ६२, पाकीट-स्टिकर-खोका ९, मजुरी १०, वाहतूक ५. हातात १५ रुपये. किलोला ७५, तेही दीड-दोन महिन्यांच्या उधारीनं, आणि परत आलेला माल आपल्याच अंगावर.

७०० रुपये किलोनं जाणारी चटणी ४८० रुपयांच्या चटणीपेक्षा कमी पैसे देत होती. आक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं, मग सुनेकडं पाहिलं. “म्हंजे आपण दुकानदारासाठी कुटतोय. पैला एक हुता, आता अकरा झालं.”

त्यात दुकानदारांची वेगळी कुरकुर. मारुती चौकाजवळचा एकजण म्हणाला, “मावशी, तुमच्या पालावर पाव किलो एकशेवीसला मिळतीय, माझ्याकडं दोनशे ग्रॅमला एकशेचाळीस. माझ्याकडनं घेणारा खुळा हाय का?” त्याचं चूक नव्हतं.

पुन्हा वही

मग ती वही बाहेर आली. मधल्या काळात सूनबाई ती लिहीतच होत्या. ६०० नावं झाली होती, निम्मी पुण्या-मुंबईतली. सांगलीतून नोकरीला गेलेली पोरं, त्यांच्या बायका, बायकांच्या ऑफिसातल्या मैत्रिणी. ह्या लोकांना फळीवरचं २०० ग्रॅमचं पाकीट नकोच होतं. त्यांच्या घरात अजून वर्षाची चटणी करायची सवय होती, करायला अंगण आणि वेळ तेवढा नव्हता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सूनबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर साधा निरोप टाकला: वर्षाची चटणी सांगून ठेवा, तिखट किंवा मध्यम, ५०० रुपये किलो, निम्मे पैसे आत्ता, माल मेमध्ये. सोबत वाळत घातलेल्या मिरचीचा फोटो. २१० घरांनी सरासरी चार-चार किलो सांगितली. ८४० किलो, ४ लाख २० हजारांचा माल, आणि २ लाख १० हजार हातात मिरची घ्यायच्या आधी.

त्या वर्षी नशिबानंही साथ दिली, ते लपवत नाही. मार्चमध्ये ब्याडगीच्या बाजारात भाव असे कोसळले की संतापलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या कार्यालयाची तोडफोड केली, गाड्या पेटवल्या. तिकडं कुणाच्या तरी घरात चूल पेटली नसेल, आणि इकडं आमचा कच्चा माल किलोला २४० वर आला. आगाऊ रकमेत अख्ख्या ८४० किलोंचा कच्चा माल बसला. त्या वर्षी पाटल्या बँकेत गेल्या नाहीत.

भाव पुन्हा चढेल तेव्हा काय, हा प्रश्न आहेच. बुकिंगच्या निरोपात आता एक ओळ असते: मिरचीचा भाव अमुक टक्क्यांवर गेला तर उरलेल्या निम्म्या रकमेत फरक पडेल. २१० पैकी चौघांनी त्यावर आक्षेप घेतला, बाकीच्यांनी ‘ठीक आहे आक्का’ लिहिलं. दुकानाच्या फळीवर उभं राहून हे बोलणं झालंच नसतं.

यंत्रांचं थोडक्यात. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ६ लाखांचा प्रस्ताव केला: स्वतःचा डंक, भाजायचं यंत्र, सीलिंग यंत्र, सुकवणी. स्वतःचे १० टक्के, बाकी बँक, आणि ३५ टक्के अनुदान, म्हणजे २ लाख १० हजार. लोकांचा समज असतो की अनुदान हातात येतं. ते कर्जखात्याशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात पडून राहतं आणि हप्ते नीट गेले तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. तोवर हप्ता पूर्ण. आणि ते यंत्रांसाठी असतं. मिरचीला त्यातून रुपया मिळत नाही. अनुदानाची आणि बुकिंगची रक्कम योगायोगानं सारखीच आली, पण धंदा उभा राहिला तो दुसऱ्या २ लाख १० हजारांवर, असं मी म्हणेन.

अकरा दुकानांपैकी तीन ठेवली, रोखीनं घेणारी. वितरक सोडला. पुण्याचा माल अजूनही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनंच जातो. स्वारगेटला पहाटे घ्यायला यावं लागतं आणि लोक येतात. कुरिअरनं एकदा तेल झिरपून कुणाच्या तरी पुस्तकांचं पार्सल लाल केलं होतं.

पाल मोडावं असं थोरल्याचं मत होतं. ब्रँड झाल्यावर आई बाजारात जमिनीवर बसते हे त्याला कसंतरी वाटायचं. ह्यावर घरात मोठं भांडण झालं आणि त्यात मी आक्कांच्या बाजूनं बोललो, म्हणून थोरला काही दिवस माझ्याशी तुटक होता. पाल आता बदललंय. सुटी चटणी बंद. समोर बंद पाकिटं, आणि शेजारी मोजून बांधलेले खड्या मसाल्याचे संच: ज्यांना घरची मिरची आणून आपल्या डोळ्यांदेखत डंकावर कुटून हवी आहे त्यांच्यासाठी. मार्च-एप्रिलमध्ये त्याला रांग लागते. पाकिटाची किंमत पालावर आणि दुकानात सारखीच ठेवली, त्यामुळं मारुती चौकातला दुकानदारही आता हसून बोलतो. आणि फडक्यातली भाकरी आहेच.

मागच्या शनिवारी गेलो तेव्हा आक्का नव्या मालातलं एक पाकीट फोडून बसल्या होत्या. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट त्या पालावर फोडतात, हा त्यांनीच घातलेला नियम. तुकडा मोडला, चटणी, तेल, तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिल्या. गिऱ्हाईक समोर उभं, हात पुढं केलेला.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या, आणि मागं वळून सुनेला हाक मारली. “ह्याचा लॉट नंबर काय गं? लसूण करपलाय ह्यात.”

सूनबाईंनी पाकीट उलटं केलं, नंबर वाचला, वहीत लिहिला. आक्कांनी ते पाकीट बुडाखालच्या पोत्याखाली सारलं आणि गिऱ्हाइकासाठी दुसरं फोडलं.